तारेपलीकडच्या चौदा मोरपंखी

झिरोच्या हाताला एक खोड होती. सांगितल्यापेक्षा जास्त कापायचं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दोन खुर्च्यांचं सलून, वय बासष्ट, हात अजून सरसर चालणारा आणि तोंड हाताच्याही पुढे. खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाच आठवत असेल. बाकी सगळे झिरो म्हणत, कारण "जरा बाजूने कमी करा" म्हणून तुम्ही खुर्चीत बसलात, की उठताना आरशात कुणीतरी नुकताच सुटलेला कैदी दिसायचा. कुरकुर केली तर उत्तर तयार असे, "अहो, केस आहेत, दात नव्हेत. पंधरा दिवसांत परत हजर!" आणि चाळीस वर्षांत हे उत्तर एकदाही खोटं ठरलं नव्हतं. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

त्याच्या घराला पाठ लावून भोंग्याचं घर. भोंगा हेही टोपणनावच. तीस वर्षं तो बसस्टँडवर लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारत होता. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय, कुठली दोन तास उशिरा आहे, हे असं ठसठशीत सांगायचा की गाडी चुकलेली माणसंसुद्धा शिव्या द्यायच्या विसरत. दोघांच्या परसांमध्ये आधी नुसती तार होती. निवृत्त झाल्यावर भोंग्याने आपल्या बाजूने, तारेला लागून, मोरपंखीची चौदा रोपं लावली.

"बारा महिने हिरवी राहते. पानगळ नाही, काही नाही," तो म्हणाला. "राग मानू नकोस हं, पण तुझी बायको भांडी घासायला बाहेर बसली की मला बनियनवर फिरायची चोरी होते."

"लाव बाबा, लाव," झिरो म्हणाला. "तुझं पोट रोज बघून तिची भूक मेलीय."

नऊ वर्षांत ती रोपं डोक्याच्या वर गेली, एकमेकांत घुसली आणि त्यांची भिंत झाली. मांजरसुद्धा आरपार जाईना. पण मैत्रीला काही झालं नाही. रविवारी नऊच्या ठोक्याला भोंगा सलूनमध्ये येऊन पहिल्या खुर्चीत बसायचा, दाढी करून घ्यायचा आणि साबणाच्या फेसातूनसुद्धा बोलत राहायचा.

मग एका रविवारी तो आला नाही. दवाखान्यात ठेवलंय असं कानावर आलं. झिरो भेटायला गेला तर लेकीने दार अर्धंच उघडलं. "बीपी वाढलं होतं, काका. आता बरे आहेत. झोपलेत." दुसऱ्यांदा गेला, झोपलेत. तिसऱ्यांदा गेला, तरी झोपलेत. माणूस आहे की अजगर, असं पुटपुटत झिरो परत आला. चौथ्यांदा गेला नाही.

जावं, असं त्याला वाटलं होतं. पण तेवढ्यात त्याने तो बॅगवाला पाहिला. आठवड्यातून तीनदा, पांढरा शर्ट, हातात काळी चपटी बॅग, चटचट पावलं टाकत भोंग्याच्या घरात शिरणारा आणि पाऊण तासाने बाहेर पडणारा. आता काळी चपटी बॅग म्हटल्यावर तुम्हाला डॉक्टर आठवेल, वकील आठवेल, विमावाला आठवेल. सलूनवाल्याला काय आठवणार? घरी जाऊन दाढी-कटिंग करणारा कारागीर! झिरोच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तीस वर्षं माझ्या हाताखाली मान दिली, आणि आता साहेबांना घरपोच सेवा लागते," तो बायकोला म्हणाला.

"अहो, पण आठवड्यात तीनदा कोण दाढी करून घेतं?"

"त्याचं तोंड आहे, तो रोज करील."

राग असा आत जाऊन बसला की त्याला कुठूनतरी बाहेर पडायला वाट हवी होती. ती वाट झिरोला मोरपंखीत सापडली. नऊ वर्षांत कुंपण तारेतून हातभर अलीकडे आलं होतं. तोवर कधी खुपलं नव्हतं, आता डोळ्यांत सलायला लागलं. एका दुपारी सलून बंद ठेवून त्याने झाडं कापायची लांब कात्री काढली आणि दगडावर घासून अशी धार लावली की कागद नुसता टेकवला तरी कापला जावा.

"त्यांना विचारा तरी आधी," बायको म्हणाली.

"साहेब जागे असतील तर विचारतो. माझ्या हद्दीतलं मी कापणार, त्याला कुणाची परवानगी?"

हद्दीतलं कापून झालं अर्ध्या तासात. तिथे थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याने तारेतून हात आत घातला. हिरवं संपलं, आतलं तपकिरी लाकूड लागलं, तरी कात्री कच कच चालूच. मधल्या चार झाडांना तर त्याने बुंध्यापर्यंत सोलून काढलं. हे काम नीटनेटकेपणाचं नाही, रागाचं आहे, हे त्याला तेव्हाही कळत होतं. खोटं कशाला बोलायचं? पण मनाची समजूत घालायला त्याच्याजवळ ते सलूनमधलं वाक्य होतंच. महिन्यात फुटेल, त्याने स्वतःला सांगितलं, आणि फांद्यांचा ढीग लोटून हातपाय धुतले.

महिना गेला. दोन गेले. मोरपंखी फुटली नाही. कापलेली बाजू वाळक्या काटक्यांची झाली आणि मधली चार झाडं पलीकडच्या अंगानेही तांबूस पडत गेली. बायको एकदा म्हणाली, "आरपार दिसायला लागलं हो." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि मग एका सकाळी सात वाजता, नळावर चूळ भरताना, त्याला आरपार दिसलं.

आधी दिसली दाढी. चाळीस वर्षं चेहरे हाताळलेला माणूस, त्याची नजर आधी तिथेच जाणार. छातीपर्यंत आलेली, विंचरलेली नाही, एका बाजूला लाळेने चिकटलेली. मग तोंड दिसलं, डावीकडे ओघळलेलं. मग ॲल्युमिनियमचा चौपायी वॉकर, त्याला घट्ट धरलेला एक हात आणि नुसता टेकवलेला दुसरा. बनियनवर, घामाने निथळत, भोंगा आपला डावा पाय जमिनीवरून ओढत होता. एक पाऊल. थांबा. दुसरं पाऊल. भोंग्याने मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली.

झिरोच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. हाक मारायला हवी होती, निदान हात तरी वर करायला हवा होता. त्याने काय केलं? तो खाली बसला. नळाच्या कठड्याआड, चोरासारखा. पलीकडे वॉकर घाईघाईने वळल्याचा खडखडाट ऐकू आला, मग काहीतरी आपटलं, मग लेकीचा आवाज, "बाबा! सावकाश!" आणि दार लागलं.

त्या दाढीने झिरोचा पिच्छा सोडला नाही. जर घरी कारागीर येतो, तर ही दाढी कुणाची? संध्याकाळी तो बॅगवाल्याची वाट अडवून उभा राहिला.

"तुम्ही त्यांची दाढी करत नाही?"

"दाढी?" बॅगवाला बघतच राहिला. "मी व्यायाम करून घेतो. अर्धांगाच्या पेशंटांचा. तुम्ही कोण?"

"शेजारी," झिरो म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मग तुम्हीच सांगा त्यांना. घरात चार पावलं टाकली की भिंत येते. त्यांना परसच हवं, आणि त्यांची एकच अट, कुणी बघता कामा नये. कुंपण होतं तोवर बाहेर येत होते. आज सकाळी कुणीतरी पाहिलं म्हणे. आता बाहेर पडायचंच नाही म्हणतात. हे दोन-तीन महिने असेच चालण्याविना गेले ना, की पाय आहे तिथेच राहील."

झिरो घरी आला आणि चपलांसकट पलंगावर बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला. बायकोला सगळं सांगितलं. तिने त्याच्या पायातल्या चपला काढून दाराशी नेऊन ठेवल्या. ती बोलली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वाळकी फांदी घेऊन तो नर्सरीत गेला. "कुठलं खत घालू म्हणजे फुटेल?"

नर्सरीवाल्याने फांदी उलटसुलट केली. "तपकिरीत कात्री लावली का? मग विसरा. मोरपंखीचं हिरवं कापलं तर पुन्हा येतं, जुनं लाकूड कापलं की संपलं. कुणी अडाण्याने कापलं?"

"आहे एक," झिरो म्हणाला. नवी रोपं किती दिवसांत उंच होतील, तेही विचारलं. पाच-सहा वर्षं. ती तरी त्याने कुठल्या तोंडाने आणायची होती?

येऊन त्याने सलूनमधल्या सगळ्या चादरी काढल्या, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायच्या त्या, आणि तारेवर एकीला एक जोडून टाचण्या लावत बसला. वाऱ्याने त्या फडफडत होत्या, मध्येच उघड्या पडत होत्या. तो एक टोक बांधायचा तेवढ्यात दुसरं सुटायचं. असं चाललं असताना पलीकडून भोंग्याची लेक आली.

"काका, ते काढा. आणि बाबांनी बोलावलंय."

"झोपले नाहीत?" तोंडातून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली.

तो पुढच्या दाराने गेला. लेक त्याला मधल्या खोलीतून परसात घेऊन गेली. भोंगा भिंतीशी खुर्चीत बसला होता, वॉकर समोर. इतकी वर्षं झिरोने मोरपंखीची भिंत आपल्या बाजूने पाहिली होती. या बाजूने ती मधोमध फाटलेली होती आणि त्या फटीतून त्याचा नळ, त्याचं मागचं दार, त्याची वाळत घातलेली लुगडी-सदरे, सगळं लख्ख दिसत होतं. त्याची नजर जमिनीवरून उठेना.

"चूक झाली," तो म्हणाला. "चूक पण नाही. रागाने कापलं मी. मला वाटलं, तू दुसऱ्याकडून दाढी करून घेतोस. एवढ्यासाठी. हसू नकोस."

भोंगा हसला नाही. बोलायला त्याला वेळ लागायचा. आधी ओठ हलायचे, मग घशातून खरखर यायची, आणि मग त्या खरखरीतून शब्द एकेक करून ओढून काढावा लागायचा.

"हाक... मारली."

"कुणी?"

"मी. कापत होतास. तेव्हा." त्याने चांगल्या हाताने तोंड पुसलं. "इथेच होतो. थांब म्हणालो. तू..."

पुढचा शब्द येईना. लेक पुढे झाली, "बाबा, राहू दे," पण त्याने मान हलवली.

"तू... हाड म्हणालास."

झिरोला आठवलं. त्या दुपारी झाडांपलीकडून काहीतरी गुरगुरल्यासारखं आलं होतं, दोनदा. भटकं कुत्रं शिरलंय असं वाटून तो ओरडला होता, आणि कात्री तारेवर खणखणीत आपटली होती. त्यानंतर पलीकडे सगळं गप्प झालं, आणि त्याला बरंच वाटलं होतं. तीस वर्षं अख्ख्या स्टँडने कान देऊन ऐकलेला आवाज होता तो. दर रविवारी ज्याच्या गळ्यावर त्याने वस्तरा फिरवला होता, तो गळा.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माफी मागावी तर शब्द कुठला वापरायचा, हेच त्याला कळेना. पाय धरायला वाकला तर भोंग्याने वॉकरने त्याला बाजूला सारलं.

"ब... बस," भोंगा म्हणाला.

लेकीने दुसरी खुर्ची आणली. झिरो बसला, मान खाली घालून. समोर वॉकर जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मग पाय घासल्याचा.

"वर बघ," भोंगा म्हणाला. "चोरून नको. नीट बघ."

झिरोने मान वर केली. भोंगा उठून उभा होता, बनियनवर, ओघळल्या तोंडाने, आणि त्याच्याचकडे बघत होता. एक पाऊल टाकलं. लाळ गळली, ती त्याने पुसली नाही. दुसरं टाकलं. तिसऱ्याला पाय मुडपला, झिरोची नजर आपोआप खाली गेली, आणि भोंगा जागच्या जागी थांबला. झिरोने नजर परत वर आणेपर्यंत तो पुढे सरकेना. मग चौथं. त्या वाळक्या झाडांच्या पुढून तो परसाच्या टोकापर्यंत गेला आणि वळून परत आला. बावीस पावलं झाली. झिरोने ती सगळी बघितली.