उकळलेले बुडबुडे

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या हंगामात मावशीच्या पायाचा अंगठा चिघळला. साखरेचं दुखणं, अंगठा वाचतो की कापावा लागतो, एवढाच प्रश्न होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी जखम धुवायला पाण्याची एक बाटली दिली. त्या पाण्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक प्राणवायूचे बुडबुडे होते. उद्या औषधंही अशाच बुडबुड्यांतून नेमक्या जागी पोचवता येतील, असं ते मला अर्धं इंग्रजीत सांगत होते. मावशीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आमच्या गावी, बोरी अरबला, घरी येताच तिने ते पाणी पातेल्यात खळखळ उकळलं.

"अवं मावशी, काहून उकळलं? त्यातला प्राणवायू उडाला ना!"

"उकळल्याबिगर पाणी वापरू नका, हे गावभर कागद वाटून तूच तं सांगतं, बापा."

आरोग्य केंद्राची ती पत्रकं मीच वाटली होती, मग तिचं काय चुकलं? ज्यांच्या पायावर नवं औषध लावता, त्यांच्याशी दोन वाक्यं बोलायला काय जातं? हेच विचारायला दुसऱ्या दिवशी आम्ही परत एसटीत बसलो. खरं तर धावपळीने माझ्यात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दवाखान्याच्या दारात मावशी म्हणाली, "भांडाचं असन तं मंग भांड. आधी दुसरी बाटली माग, अन् वापराची कशी, हे मलेच सांगाले लाव त्याले."