अंधारात न दचकणारी आक्का

मला पिच्चरचं वेड आहे. घरगुती रडारडीचे नकोत मला, मारामारीचे, खुनाचे नाहीतर भुताचे हवेत. माझ्या वयाच्या बायका दुपारच्या भजनी मंडळात जातात, मी मॉलमधल्या थेटरात जाते. सुनेने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं मी चेष्टाच करतेय.

इतके पिच्चर बघून माझी काही मतं झालीत. मारामारीत हिरोवर घोळक्याने गुंड धावून येतात खरे, पण मार खायला एकेकटाच पुढे येतो, रेशनच्या दुकानात नंबर लावल्यासारखा. बाकीचे मागे उभे राहून नुसते हात हलवतात. तरी मला ते आवडतं. दक्षिणेकडचे डब केलेले तर फारच. त्यात गाड्या उडतात तशा आमच्या चाकण रोडवर उडाल्या तर ट्रॅफिक तरी सुटेल. आणि भुतांचं म्हणाल तर त्यांना राहायला बंगलाच लागतो. काळेवाडीतल्या आमच्या खोलीत पलंग, कपाट, गॅस मांडल्यावर माणसालाच वळता येत नाही, भुताने उभं कुठं राहायचं? भूत येणार असलं की आधी सगळे आवाज थांबतात, हे मी ओळखून आहे. तेवढं ओळखूनही दार धाडकन आपटलं की मी सगळ्यांच्या आधी किंचाळते.

खुनाच्या पिच्चरांनी मात्र माझा स्वभाव बिघडवला. त्यात जो आपणहून चहा आणून देतो, त्याच्यावर मी लगेच नजर ठेवते. ही खोड घरीही आली. दूधवाल्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली की मी आधी दुधात बोट बुडवून बघते.

तर अशा माझ्या संशयात आमची आक्का सापडली.

आक्का म्हणजे माझी शेजारीण. माझ्यापेक्षा थोडी मोठी, बीडकडची. नवऱ्याबरोबर कामाला म्हणून इकडे आली, नवरा गेल्यावर एका लहान वर्कशॉपात प्रेसवर पत्र्याचे भाग ठोकत तिनं मुलगा वाढवला. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणते. वर्कशॉपला गुरुवारी सुट्टी असायची. काम सुटलं तरी तिचा गुरुवार सुटला नाही, म्हणून आमचा दुपारचा शो गुरुवारचाच.

तिच्या मुलानं महाळुंग्याला फ्लॅट घेतलाय. तो आणि सून दोघंही कंपनीत. आईनं इथली खोली सोडून आपल्याकडे यावं असं तो सारखा म्हणायचा. ती म्हणायची, तिथं लिफ्टनं खाली उतरले तरी जायचं कुणाकडे? मीही तिलाच दुजोरा द्यायचे. त्यात माझा स्वार्थ होता, नाही कशाला म्हणू. आक्का गेली तर माझ्या शेजारी बसून भूत कोण बघणार? आणि पिच्चर जाऊ द्या, भिंतीपलीकडे आपलं माणूस असणं ही काय साधी गोष्ट आहे का?

गेल्या वर्षी मला तिच्या वागण्यात गडबडीचा वास यायला लागला. डब केलेला पिच्चर म्हटलं की ती नको म्हणायची. का, तर म्हणे त्यात तोंडं नीट हलत नाहीत. इतकी वर्षं हिला तोंडांचं काही नव्हतं. मग थेटरात तिनं माझी जागा बदलली, मला उजवीकडे बसवायला लागली. आधी मी खुनी कोण ते कानात सांगितलं की ती मला कोपर मारायची, गप बस म्हणायची. आता नुसती मान हलवायची. फोन उचलायची नाही, विचारलं तर चार्जिंगला होता. आणि कहर म्हणजे भूत आलं तरी दचकेना. अख्खं थेटर ओरडतंय आणि ही बाई शांतपणे शेंगदाणे खातेय.

माझं डोकं धावायला लागलं. ही आधीच कुणाबरोबर तरी पिच्चर बघून येत असणार, भूत कुठल्या दारातून येतं ते हिला ठाऊक असणार. महाळुंग्याला जात असेल का चोरून? त्यातच एके दिवशी तिचा मुलगा आला आणि गोधड्यांचं गाठोडं मोटारसायकलला बांधून घेऊन गेला. मी विचारलं तर आक्का म्हणाली, धुवायला नेल्यात, त्याच्याकडे मशीन आहे. गोधड्या मशीनमध्ये? माझी खात्रीच पटली. हिचं जायचं ठरलंय, सामान थोडं थोडं हलवतेय आणि मला शेवटच्या दिवशी सांगणार.

पुढच्या गुरुवारी भुताचाच पिच्चर होता. मी ठरवूनच तिच्या डाव्या बाजूला बसले. ती कुरकुरली, मी हलले नाही. मध्येच मी अंधारात तिच्या कानाशी म्हणाले, "तू निघालीयेस, मला सगळं कळलंय." तिनं माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. मी आणखी जवळ सरकून म्हणाले, आक्का, थेटरला आग लागलीय. ती पडद्याकडे बघत हसली.

पिच्चर सुटल्यावर सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर मी तिला बसवलं आणि विचारलं, आत मी काय सांगत होते?

"खुनी कोण ते सांगितलंस की," ती म्हणाली.

त्या पिच्चरमध्ये खूनच नव्हता. आणि हे बोलताना ती माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हती, माझ्या ओठांकडे बघत होती. मी पदर तोंडावर घेतला आणि त्याच्याआडून विचारलं, महाळुंग्याला कधी जातेस?

आक्कानं हात पुढे करून माझा पदर खाली ओढला. "तोंड झाकू नकोस, बाई," ती म्हणाली. "मला ऐकू येईना झालंय."

मग तिनं सगळं सांगितलं. प्रेसच्या दणक्यात कुणाचंच कुणाला ऐकू जायचं नाही. कानात कापसाचे बोळे घालून बायका दिवसभर ओठांवरच बोलायच्या. पार दुसऱ्या टोकाच्या बाईनं डब्यात काय आणलंय ते हिला आपल्या मशीनवरून कळायचं. डावा कान कधीचाच गेलेला, उजव्यात थोडं शिल्लक. उजेडात आम्हाला कुणालाच पत्ता लागला नाही. उलट गल्ली म्हणायची, आक्का किती मन लावून ऐकते. अंधारात मात्र माझे ओठ दिसायचे नाहीत, आणि डब केलेल्या पिच्चरमध्ये हिरोचे दिसून उपयोग नव्हता.

"लेकाला सांगू नकोस. कळलं की तो मला उद्याच घेऊन जाईल," ती म्हणाली.

"मग गोधड्या?"

"धुवायलाच की. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही.

बाहेर रस्ता ओलांडताना मागून एक टेम्पो हॉर्न मारत आला. मी थबकले, ती चालतच राहिली. दंड धरून मी तिला मागे खेचलं. तिथेच सांगितलं तिला, मी चुगली करणार नाही, पण तू स्वतः मुलाला सांग. ती रुसली. काही दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मी इकडे विचार करत बसले की ही सांगते की लपवते.

मुलगा धुतलेल्या गोधड्या घेऊन आला त्या दिवशी तिनं मला हाक मारली आणि माझ्यादेखत त्याला सांगून टाकलं. तो आधी चिडला. मग म्हणाला, कानाच्या डॉक्टरकडे मी नेतो, मशीन लावू, पण आता तू इथं एकटी राहायचं नाहीस.

"तू आन् सून दिवसभर कंपनीत," आक्का म्हणाली. "तिथं दार वाजलेलं मला कळायचं न्हाई. इथं कुणी दार वाजवत न्हाई, ही सरळ आत घुसती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. काकू, तुम्ही रोज लक्ष द्याल का, असं विचारलं. मी म्हटलं, व्हय, आणि रस्त्यानं जाताना गाड्यांच्या बाजूनं मी चालेन.

तो उठला. मग चपला घालता घालता, दाराकडे तोंड करून म्हणाला, "बरं, दिवाळीपर्यंत राहा. मग खोली सोडायचीच."

आक्का त्याच्या पाठीकडे बघत बसली होती. मी त्याला म्हटलं, अरे, तिच्याकडे वळून बोल.

तो वळला. आईनं मान थोडी पुढे काढली आणि त्याच्या ओठांवर नजर लावली.

"राहा," तो म्हणाला, तेवढंच.

आक्का खूश झाली आणि चहा ठेवायला उठली. त्याचं पाठमोरं वाक्य मी ऐकलं होतं. तिला ते अजून सांगितलेलं नाही.