‘हिला सहा डिसेंबरला घेऊ’

काचेपलीकडे सर हसले आणि म्हणाले, “हिला सहा डिसेंबरला घेऊ.”

मला ते ऐकू आलं नाही. ऐकू येणारच नव्हतं. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजची ती रेकॉर्डिंगची खोली. मध्ये जाड काच. अलीकडे मी आणि माइक. पलीकडे सर, आणि त्यांच्या शेजारी ऋजुता. ऋजुता तिसऱ्या वर्षाला होती, कॉलेज रेडिओची विद्यार्थी प्रमुख. पलीकडचं बटण दाबल्याशिवाय त्यांचा आवाज माझ्या कानात येत नसे. बटण दाबलेलं नव्हतं.

पण मला दिसलं.

मी कबनूरची. आई आणि आप्पा एकाच यंत्रमाग कारखान्यात कामाला. आप्पा मागावर, आई कांडी भरायला, म्हणजे मागाच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. सगळे माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी कळत नाही. म्हणून तिथं कुणी ओरडत नाही. नुसते ओठ हलवतात. समोरचा बघून समजतो. आई मागांच्या चार रांगांपलीकडून आप्पांना विचारते, डबा खाल्ला का. आप्पा तिथूनच सांगतात, भाजी खारट झाली होती. शाळा सुटली की मी कारखान्याच्या दारात दप्तर घेऊन बसायची आणि हेच बघायची. ओठ वाचता येणं ही काही वेगळी गोष्ट आहे, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं.

तर मला दिसलं ते असं.

ऋजुता म्हणाली, “आवाज भारी आहे ना, सर? आणि बोलते पण मजेशीर. शुक्रवारच्या कार्यक्रमाला?”

सर म्हणाले, “शुक्रवारला नको. आडनाव बघितलंस ना? यांना तेवढा एकच विषय जमतो.” मग हसले. “हिला सहा डिसेंबरला घेऊ. चौदा एप्रिलचंही मिटेल.”

ऋजुताही हसली.

मग सरांनी बटण दाबलं. माझ्या कानात गोड आवाज आला. “छान! फारच छान झालं. कळवतो हं.”

मी म्हणाले, “थँक्यू, सर.”

एक विषय. मी दोन मिनिटं बोलले होते ती एसटीत जागा धरण्यावर. इचलकरंजी-कोल्हापूर गाडी स्टँडवर वळायच्या आत खिडकीतून रुमाल, दप्तर, एकदा तर एका मावशींनी आत टाकलेली कोथिंबिरीची जुडी, आणि त्या जुडीवर बसलेला माणूस. “पावणं, कोथमीर हाय खाली!” “आता चटणी झाली, मावशी.” हे मी दोन आवाजांत करून दाखवलं. सर खळखळून हसले होते. तेही मी काचेतून पाहिलं होतं. मला वाटलं, जमलं.

तीन महिन्यांपूर्वी, कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात, याच सरांनी वर्गात एकेकाला उभं केलं होतं. नाव सांगा, गाव सांगा, काय व्हायचंय ते सांगा. कुणी म्हणालं स्पर्धा परीक्षा, कुणी पोलीस, कुणी बी.एड. मी उभी राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. पुढं काही सुचेना. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली. कॉलेजात पोचणं हेच आमच्याकडे ‘व्हायचं’ होतं. त्याच्या पुढचं कुणी मला सांगितलं नव्हतं.

“अजून माहीत नाही, सर.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “असू दे. कॉलेज त्यासाठीच असतं.”

मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. त्याच महिन्यात सरांनी मला स्वतःचा जुना शब्दकोश दिला. पान उलटताना सुद्धा मी हात धुऊन बसायची. सर वाईट माणूस नव्हते. हे वाक्य मी आजही खोडत नाही. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

नंतर रेडिओची नोटीस लागली. निवेदक पाहिजेत. मी ती तीनदा वाचली. शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत परिपाठाला माइकवर मी असायची. सुविचार, दिनविशेष, बातम्या. आमच्या बाई म्हणायच्या, “हिला माइक कशाला पायजे, हिचा आवाज कबनूरभर जातोय.” मला ते तेव्हा चिडवणं वाटायचं. नोटिशीसमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा कळलं, मला काय व्हायचंय. मला बोलायचंय. रोज बोलायचंय. लोक भाजी निवडताना, गाडी पुसताना, वाट बघताना कानावर पडतो तो आवाज मला व्हायचंय. मला हे येतं.

आणि काचेपलीकडे एका वाक्यात ते संपलं.

त्या दिवशी एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. मी स्वतःला समजावत होते. ओठ वाचताना चुकतं माणूस. एखादा शब्द आपणच घालतो. सर असं म्हणणार नाहीत. ज्यांनी शब्दकोश दिला ते असं म्हणणार नाहीत. हातकणंगले येईपर्यंत मी माझ्या डोळ्यांनाच खोटं ठरवलं होतं.

आठवड्यानं कॉलेज रेडिओच्या मोबाइल ग्रुपवर यादी आली. शुक्रवारचा कार्यक्रम: ऋजुता आणि आणखी दोघी. दिवाळी विशेष, क्रीडा विशेष, पुस्तक परिचय, पाककृती, मुलाखती. प्रत्येकापुढे दोन-तीन नावं. माझं नाव शेवटी. महापरिनिर्वाण दिन. बाकी कुठंच नाही.

यादीखाली दुसऱ्या वर्षाच्या सुमेधनं हसण्याचं चित्र टाकलं होतं. तो उचगावचा. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या पायऱ्यांवर भेटला.

“मागल्या वर्षी मी केलतं,” तो म्हणाला. “आता तुझी पाळी.”

“तुला तेच करायचं होतं?”

“कशाचं! मी आलतो फुटबॉलचं बोलायला. पेठेतली मॅच असली की माझ्या तोंडाला थांबा न्हाय. ट्रायलला पण मॅचच बोललो. सर म्हणाले, व्वा. आणि दिला काय, तर सहा डिसेंबर.”

“मग तू काही बोलला नाहीस?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “काय बोलायचं? त्या दिवसाला नको म्हणायचं? आपण?”

हेच. इथंच मी अडकले होते. त्यांनी मला असा दिवस दिला होता, जो मी परत करू शकत नव्हते. ज्यांच्यामुळे माझ्या आज्जीनं गावकुसाबाहेरचं जिणं सोडलं, ज्यांच्यामुळे मी कॉलेजच्या बाकावर बसले, त्यांच्याबद्दल बोलायला नाही म्हणायचं? आणि हो म्हणायचं तर सरांचं वाक्य खरं करायचं. यांना तेवढा एकच विषय जमतो.

घरी यादी मी दाखवली नाही. आप्पांना आमच्याच कॉलेजातल्या शेजारच्या पोरानं मोबाइलवर दाखवली. आप्पा कारखान्यातून आले ते हसतच. त्यांच्या केसांवर कापसाची पांढरी धूळ तशीच होती.

“पोरगी बोलणार म्हणं सहा डिसेंबरला! कोल्हापुरात! मला सांगितलं न्हाईस व्हय?”

“छोटा कार्यक्रम आहे, आप्पा.”

“छोटा कशानं? मी सगळ्यांस्नी सांगितलंय. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात मोबाइलवर लावणार.”

“तुमच्या त्या मोबाइलचा आवाज कुणाला ऐकू जाणार?”

“तुझा आवाज हाय त्यो. मोबाइल बंद असला तरी ऐकू येतोय.”

ते स्वतःच्या विनोदावर इतके हसले की खोकला लागला. मी पाणी आणून दिलं.

आईला मात्र कळलं होतं काहीतरी. शनिवारी मी डबा द्यायला कारखान्यात गेले. माग चालू होते. ती कांड्या लावत होती. तिनं मान वर केली आणि ओठांनी विचारलं, “काय झालंय?”

मी सांगितलं. आवाज न करता. सगळं. काच, बटण, आडनाव, एकच विषय. अवतीभवती पाच-सहा माणसं होती, पण सगळी आपापल्या कामात खाली बघत होती. आईनं एकदाही नजर काढली नाही.

“मग तू काय म्हणालीस?”

“थँक्यू.”

तिला वाटलं तिनं चुकीचं वाचलं. “काय?”

“थँक्यू म्हणाले.”

आई माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मालकाच्या पोरानं एकदा तिला सगळ्यांसमोर ‘ए कांडे’ म्हणून हाक मारली होती, तेव्हा ती त्याच्याकडे जशी बघत उभी राहिली होती, तशी बघत होती. मग ती वळली आणि काम करायला लागली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सरांनी माझ्या हातात दोन छापील पानं दिली. मजकूर तयार होता. मागच्या वर्षीचाच. सुमेधनं पेनानं मारलेल्या खुणा तशाच झेरॉक्समध्ये आल्या होत्या. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा.

मी ती पानं टेबलावर ठेवली.

“सर, मला शुक्रवारचा कार्यक्रम द्या.”

“शुक्रवारच्या मुली ठरल्यात.”

“मग हे त्यांना द्या. मी त्यांचा शुक्रवार करते. एक दिवस.”

ऋजुता मध्येच म्हणाली, “अगं, पण हा तुमचाच तर दिवस आहे!”

“तुमचा का नाही?” मी विचारलं.

तिला खरंच कळलं नाही. ती सरांकडे बघायला लागली.

सरांनी चष्मा काढला. “तुझ्या मनात काय आहे?”

“त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आडनाव बघितलंस ना. म्हणालात, यांना तेवढा एकच विषय जमतो.”



“हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुम्हीच म्हणालात.”

“तू ऐकलंस?”

“नाही, सर. मला दिसलं.”

“दिसलं!” ते हसले. त्यांच्याबरोबर ऋजुता हसली. मी कारखान्याचं सांगायला लागले, ओठांचं सांगायला लागले, आणि सांगता सांगता मलाच ऐकू आलं की हे किती खोटं वाटतंय. माझा आवाज चढला. आमच्याकडे सगळ्यांचा चढतो.

“ओरडू नकोस,” सर म्हणाले. “ऋजुता, मी असं काही बोललो?”

“नाही, सर.”

“बघ. इतकं संशयी राहून चालत नाही. संधी द्यावी तर त्याचंही तुम्हाला वाईट वाटतं.”

तुम्हाला. मी एकटीच उभी होते तिथं.

माझ्याकडे पुरावा नव्हता. साक्षीदार नव्हता. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते मला नको होतं. मी म्हणाले, “मी हे वाचणार नाही.” एवढंच जमलं. ठासून म्हटलं असं नाही. पुटपुटले. आणि दाराशी गेल्यावर सवयीनं “सॉरी, सर” म्हणाले. त्या सॉरीचा राग मला अजून आहे.

संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं. सुमेधला परत बोलावलं. त्यानं मला फोन केला. “कुणीतरी बोललं पायजे की गं. मोकळा सोडायचा का तो दिवस?” घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

सहा डिसेंबरला आप्पांनी पांढरा सदरा घातला होता. जेवणाच्या सुट्टीत माग बंद झाले. दहा-बारा माणसं डबे सोडून मोबाइलभोवती बसली. सुमेधचा आवाज आला. आप्पांनी मोबाइल हलवून बघितला, जणू आत कुठंतरी मी अडकलेय. हे मला आईनं सांगितलं.

घरी येऊन आप्पा एवढंच म्हणाले, “तुझं कुठाय?”

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्यो काय म्हणाला ते म्हणू दे की. आपण त्याच्यासाठी बोलतोय व्हय? ज्यांचा दिवस, त्यांच्यासाठी बोलायचं व्हतंस.” आणि जेवायचं ताट सरकवून बाहेर गेले. पंधरा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते चुकीचं बोलत होते असं मी म्हणू शकत नाही. मी चुकले असंही म्हणू शकत नाही. त्या दोन्हींच्या मध्ये जागा नव्हती, आणि मी तिथंच राहिले.

तीन वर्षं त्याच कॉलेजात काढली. त्याच सरांनी शेवटच्या वर्षी शिकवलं. मी पहिल्या वर्गात पास झाले. पदवी घेतानाचा आमच्या घरातला पहिला फोटो भिंतीवर लागला. ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, सरांचीही. पण ऋणी आहे म्हणून गप्प बसायचं, हे मी सोडलं. सोडलं म्हणजे लगेच काही मिळालं असं नाही. आज मी कोल्हापुरात एका कापड दुकानात काउंटरवर आहे. संधी दिसेल तिथं आवाज रेकॉर्ड करून पाठवते. बहुतेक ठिकाणाहून उत्तर येत नाही.

गेल्या महिन्यात एका स्थानिक चॅनेलवरून फोन आला. मी दुकानातच, साड्यांच्या गठ्ठ्यांत उभी होते.

“मॅडम, तुमचा आवाज ऐकला. एप्रिलमध्ये आमचा एक विशेष कार्यक्रम आहे. निवेदन कराल का?”

“आणि मे महिन्यात?”

“मे महिन्यात कुठं काय आहे?”

“तेच विचारतेय. मे, जून, जुलै. बाजारभाव, पाणी कधी येणार, दहावीचा निकाल. हे रोजचं कोण वाचतं तुमच्याकडे?”

“त्याला आमची माणसं आहेत, मॅडम.”

“मग एप्रिललाही मी नाही.”

फोन बंद झाला. मागून मालकीणबाई म्हणाल्या, “अगं, गिऱ्हाईक थांबलंय.”

चौदा एप्रिलला मी आमच्या विहारात बोलणार आहे. तिथं मला कुणी निवडत नाही, ते माझं घर आहे. त्या दिवशी माझे शब्द माझे असतील. पण दुसऱ्या कुणाच्या माइकवर मी पहिल्यांदा जाईन, ती एखाद्या साध्या मंगळवारी, कांद्याचा भाव वाचायला. ते मागत राहीन. ते मिळेपर्यंत बाकी सगळ्याला नाही म्हणत राहीन. वर्षं लागली तर लागू देत.