अंगणवाडीच्या भिंतीवरच्या मुंग्या

आमच्या घरात कागद टिकत नाही. आई अंगणवाडी सेविका आहे, त्यामुळे सरकारी कागद तेवढे एका पिशवीत जपून ठेवलेले असतात. बाकी जे हाताला लागेल त्याची पुडी होते, नाहीतर ते चुलीत जातं. माझ्या बारावीच्या नोट्समध्ये पप्पांनी तुरीचं बियाणं बांधून ठेवलं होतं. कुलूप लागेल असं माझं स्वतःचं काही नाही. कपाटातला एक कप्पा माझा म्हणतात, पण त्यात आईच्या साड्याही असतात.

म्हणून मोबाइलमधल्या त्या वॉलेटने मला पहिल्याच दिवशी बजावलं, की हे बारा शब्द कागदावर लिहा आणि सुरक्षित जागी ठेवा, तेव्हा मला हसू आलं.

मी चित्रं काढते. परदेशातली एक छोटी कंपनी लहान मुलांची कोडी छापते, त्यांच्यासाठी घरी बसून काढते. ते लोक पैसे क्रिप्टोमध्ये देतात. डॉलरच्या भावाने चालणारं एक नाणं असतं, ते माझ्या ऑनलाइन वॉलेटमध्ये येऊन पडतं. पैसे मोबाइलमध्ये नसतात, मोबाइल हे नुसतं दार. किल्ली म्हणजे ते बारा इंग्रजी शब्द, तेही ठरलेल्या क्रमाने. मोबाइल गेला तर दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवर ते शब्द त्याच क्रमाने टाकायचे, की दार उघडतं. शब्द गेले तर संपलं. तक्रार करायला ना शाखा, ना मॅनेजर.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्या भागात कॉइन हा शब्द काढला की लोकांना कुणीतरी पैसे घेऊन पळून गेलेला आठवतो. आणि मी तशीही कमी बोलते. हिंगोलीच्या इंग्लिश मीडियममध्ये शिकले. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि बसमध्ये कुठलीच नाही अशी सवय लागली, ती राहिली. शिवाय मला आईला स्कूटी घ्यायची होती आणि ती गोष्ट तिला आधी कळू द्यायची नव्हती. तिची अंगणवाडी आमच्या गावच्या तांड्यावर आहे. गावातून चढाची वाट. पोषण आहाराचं सामान असलं की ती कुणाच्या तरी मोटारसायकलची वाट बघत फाट्यावर उभी राहते. सेनगावला मीटिंग असली की जीपची. तिचं उभं राहणं मला शाळेत असल्यापासून दिसत आलं होतं.

वेबसाइट सांगत होती, शब्दांचा फोटो काढू नका, मोबाइलमध्ये लिहू नका, कुणाला सांगू नका. मी विचार करत होते आणि तेवढ्यात आई म्हणाली, "तांड्यावरची भिंत नुसती पांढरी हाय. तू चित्रं काढून राहिली तर तिथं बी काढ की."

उन्हाळ्याची सुट्टी होती, लेकरं नव्हती. मी रंग घेऊन गेले आणि माझे बारा शब्द त्याच क्रमाने भिंतीवर काढले.

आता ते थोडेफार सांगायला हरकत नाही, कारण त्या वॉलेटमध्ये आज काही नाही. शेळी, शिडी, छत्री, चमचा हे सोपे होते. काही शब्द मात्र चित्रात यायला तयार नव्हते. 'लाफ'साठी मी नुसतं दात दाखवणारं तोंड काढलं. 'कॅरी'साठी डोक्यावर मोळी घेतलेली बाई. 'टुमॉरो'ने मला अर्धा दिवस बसवून ठेवलं. शेवटी डोंगरामागून अर्धा वर आलेला सूर्य आणि एका पायावर उभा कोंबडा काढला.

कुणाला शंका येऊ नये म्हणून मधे मधे खोटी चित्रं घातली. पोपट, कांदा, बैलगाडी, ढोल. आणि खरी कोणती ते कळावं म्हणून प्रत्येक खऱ्या चित्राच्या पायाशी एक बारीक तांबडी मुंगी काढली. इतकी बारीक, की माहीत असल्याशिवाय दिसू नये. घरी येऊन शब्द टिपलेला कागद चुलीत टाकला. मला माझ्या हुशारीचा फार आनंद झाला होता.

पुढच्या वर्षी माझा मोबाइल बंद पडला. हिंगोलीला दुरुस्तीच्या दुकानात दिला आणि संध्याकाळी घ्यायला गेले. दुकानदार खूश होता. म्हणाला, "सॉफ्टवेअर मारलं ताई. समदा कचरा साफ. एकदम नव्यासारखा." मी हळूच विचारलं, जुनं काहीच राहिलं नाही का. त्याने अभिमानाने मान हलवली. मी थँक्यू म्हणाले.

जीपमध्ये बसले तेव्हा काळजी नव्हती. भिंत होती ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर तांड्यावर गेले. ती वाटेत कौतुकाने सांगत होती की अंगणवाडीला रंग दिलाय. मला वाटलं बाहेरून. आत पाऊल टाकलं आणि तेलरंगाचा वास आला. चारही भिंती निळ्या. जिल्ह्याहून कुणीतरी पाहणीला येणार म्हणून ठेकेदाराची माणसं येऊन एका दिवसात सगळं उरकून गेली होती. माझ्या शेळीच्या जागी साच्याने उमटवलेलं फुलपाखरू होतं. तशीच फुलपाखरं भिंतभर.

"चकाचक केलं न्हाई?" आई म्हणाली.

"हो," मी म्हणाले, आणि खाली सतरंजीवर बसले.

चित्रं मला आठवत होती, पण कोणती खरी आणि कोणती खोटी, आणि कुठल्यानंतर कुठलं, ते सगळं एकमेकांत मिसळलं होतं. आईच्या मोबाइलमध्ये अंगणवाडीचे शेकडो फोटो होते. वजनकाटा, खिचडीची ताटं, लेकरांच्या रांगा. त्यातल्या एकात लेकरांच्या डोक्यांवरून माझ्या शेळीची शेपटी तेवढी दिसत होती.

मग लेकरं आली. दप्तरं टाकली, आणि आईने छडी हातात घेतली. ही छडी ती फक्त भिंतीवर दाखवायला वापरते. निळ्या भिंतीवरच्या पहिल्या फुलपाखरावर छडी टेकवून तिने विचारलं, "हे काय हाय?"

"शेळी!" सगळी एका सुरात ओरडली.

आई माझ्याकडे वळून हसली. म्हणाली, रंग दिल्यापासून हे असंच. नवीन भिंत त्यांना मंजूरच नाही.

छडी पुढे सरकली आणि गोष्ट सुरू झाली. मला ही गोष्ट माहीत नव्हती. माझ्या चित्रांचा एकमेकांशी काही संबंध लागत नव्हता, म्हणून आईने वर्षभर लेकरांना शिकवायला स्वतःच एक गोष्ट रचली होती. एक शेळी छत्री घेऊन निघाली. वाटेत तिला कांदा भेटला. कांद्याला रडू आलं म्हणून दात हसले. दातांनी ढोल वाजवला, तो मोळीवाल्या आजीने ऐकला. आई एका जागी मुद्दाम चुकली आणि ढोलाच्या आधी पोपट म्हणाली, तर तिला वर्गाने जागीच धरलं. आणि सूर्य-कोंबड्याच्या जागी छडी आली तेव्हा लेकरं म्हणाली, "मंग दुसरा दिवस उजाडला."

अर्धा दिवस मी ज्याच्यापुढे बसले होते ते चित्र आईने बरोबर वाचलं होतं. मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. मी मोबाइल काढला आणि क्रम टिपायला लागले.

गोष्ट संपल्यावर लेकरं पाणी प्यायला पळाली. आईने विचारलं, "तू काहून लिहून राहिली?"

मग सांगावं लागलं. मी खाली बघत, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. स्कूटी सोडून सगळं. मी तिला हाक मम्मी अशी मारते, पण लिहायला बसलं की ती आईच होते. त्या दिवशी मात्र प्रत्येक वाक्याला मम्मी, मम्मी म्हणत होते.

"फसवलं का कुणी तुला?"

"नाही मम्मी. पैसे आहेत. माझेच आहेत."

"मंग तुझं नाव सांग की त्याहिला."

"तिथं नाव नसतं. बारा शब्द सांगावे लागतात. ते या भिंतीवर होते."

ती भिंतीकडे वळली. मग तिच्या लक्षात आलं.

"म्हंजी मी रोज सकाळी तुझ्या तिजोरीची किल्ली साऱ्या तांड्याकून पाठ करून घेऊन राहिले व्हय?"

आणि ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही हसू आवरेना. मदतनीस मावशी खिचडीचा झारा हातात घेऊन बघायला आल्या आणि काही न विचारताच त्याही हसल्या.

क्रम मिळाला होता, पण खऱ्या-खोट्याचा प्रश्न राहिला होता. मुंग्यांबद्दल आईला काहीच माहीत नव्हतं. "कुठल्या मुंग्या?" ती म्हणाली. वर्षभर रोज ती भिंत शिकवूनही तिला एकही दिसली नव्हती.

लेकरं परत आली. आईने छडी माझ्या हातात दिली. चार माणसांपुढे बोलायला मी लाजते, माणसं गुडघ्याएवढी असली तरी. मी विचारलं, "चित्रांजवळ मुंग्या होत्या, त्या आठवतात का कुणाला?"

सगळी भिंतीकडे धावली. आई चित्रं बघायची उभ्याने, आणि लेकरं खाली बसून. मुंग्या बरोब्बर त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. प्रत्येकाचं बोट निळ्या रंगावर जाऊन टेकलं. हितं शेळीपाशी. हितं चमच्यापाशी, ती साखर खायला चालली होती. पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी बाकीच्यांना ढकलत ओरडत होती, "तिथं न्हाई, मुंगी खालच्या दातापाशी होती, तू नवीन हाय, तुला काय म्हाईत." बैलगाडीपाशी कुणी बोट नेलं नाही. कांद्यापाशी नाही. मला नाचावंसं वाटत होतं. मी मोजलं.

मुंग्या तेरा निघाल्या.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेराच, आणि एकाही मुंगीवर कुणाचा वाद नव्हता. म्हणजे सगळ्यांनी पाहिलेली एक मुंगी माझी नव्हती. रेंज फक्त दाराच्या पायरीवर येते, तिथे जाऊन बसले. एकेक शब्द गाळून बघू म्हटलं. मोबाइलवर वॉलेटचं अ‍ॅप पुन्हा टाकलं होतं. पहिला शब्द गाळून बाकीचे बारा भरले. चूक. दुसरा गाळला. चूक. माझ्याभोवती लेकरांचा घोळका, कुणाच्या हातावर खिचडी, ती माझ्या खांद्यावर.

घोळक्याच्या मागे एक मुलगी उभी होती. सकाळपासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. गोष्ट चालू असतानाही तिचे नुसते ओठ हलत होते. ती माझ्याकडे बघायची आणि मी बघितलं की चौकटीला नख लावायची. मी बाकीच्यांना आईकडे पाठवलं. तिला काही विचारलं नाही. पायरीवर थोडी सरकून जागा केली आणि मोबाइलमध्ये बघत राहिले. बऱ्याच वेळाने ती येऊन बसली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली,

"पोपटाची मीच काढली."

"काहून गं?" माझ्या तोंडून आईसारखंच निघालं.

"त्याच्यासंगं कुणीच नव्हतं."

तिने आईच्या लाल पेनाने काढली होती ती मुंगी. रागावतील या भीतीने इतके दिवस गप्प राहिली होती. मी तिला सांगितलं की मुंगी फार छान होती, सगळ्यांना खरीच वाटली. पोपट गाळून बारा शब्द भरले. रेंजची एकच कांडी होती. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि दार उघडलं. माझी सगळी चित्रं जणू तिथे पैशाच्या रूपात बसून होती, एकही कमी नाही.

मी ओरडले असं आई म्हणते. मला आठवत नाही. माझा ओरडण्याचा आवाज कसा असतो हे तांड्याला माहीत आहे आणि मला नाही.

त्याच दिवशी नवीन वॉलेट काढलं, पैसे तिकडे हलवले. नवीन बारा शब्द कुठे आहेत ते कुणालाही सांगणार नाही. पप्पांना रात्री जेवताना आईनेच सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅनेजर न्हाई, शाखा न्हाई, मंग बापहो, पैसे हाईत कुनाकडं?"

"तांड्यावरच्या लेकरांकडं," आई म्हणाली.

स्कूटी पोळ्याच्या आधी आली. आकाशी रंगाची. आई दोन दिवस तिच्यावर बसलीच नाही, नुसती पुसत राहिली. मग पप्पांनी खळ्यावर तिला चालवायला शिकवलं. ते मागे कॅरियर धरून पळायचे आणि "सोडू का? सोडू का?" विचारायचे. एकदा त्यांनी न विचारता सोडलं. ती खळ्याला चक्कर मारून परत आली तेव्हा धापा तेच टाकत होते.

तांड्यावर ती पहिल्यांदा स्कूटीने गेली तेव्हा मी मागे बसले होते. चढावर आई सगळा वेळ स्कूटीशी बोलत होती, चल माय, चल. लेकरं बाहेर आली, गाडीभोवती फिरली आणि खाली बसून चाकापाशी, पाटीपाशी शोधायला लागली. पिवळ्या फ्रॉकवालीने निकाल दिला, "हिला मुंगी न्हाई."

मी पिशवीतून लाल मार्कर काढला, पण झाकण उघडून मागे उभ्या असलेल्या, पोपटाला मुंगी देणाऱ्या त्या मुलीच्या हातात दिला. ती खूप वेळ वाकून बसली होती. पुढच्या मडगार्डवर तिने एक मुंगी काढली, आणि तिच्याजवळ दुसरी.