पांढरा राहिलेला कागद

एक कागद पांढरा राहायला काय लागलं? माझ्या जनरेटरचं तीन दिवसांचं डिझेल, सखुबाईचं अंगण... आणि तिच्या नवऱ्याचा, रायभानभाऊंचा, पुढं कैक वर्षं चाललेला खोकला.

ऐंशीच्या दशकातली, चंद्रपूरकडची गोष्ट. सिमेंट कारखान्याच्या धुळीविरुद्ध गावानं अर्ज केला होता, पहिला अंगठा सखुबाईचा. मोजणीत धूळ निघाली तर कारखान्याला दगड दळायच्या मिलवर धूळ अडवायची सोय करावी लागणार होती.

हवा तपासणारे साहेब यंत्र घेऊन आले, पण गावात लाइटचा भरवसा नाही. म्हणून नागभीडहून मला बोलावलं... लग्नात लाइट-माइक भाड्यानं देणारा माणूस मी, धंदा एका भोंग्यावर उभा केलेला. साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "अर्ध्या कोसावरून इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो मी."

यंत्र सखुबाईच्या अंगणात; ते हवा ओढायचं आणि हवेतली धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर बसायची. धूर कागदावर बसू नये म्हणून जनरेटर लांब, बांधापाशी. तीन दिवस, तीन रात्री मी त्याच्याजवळच बसून... कारखान्याचं धुराडं धूर सोडत होतं, सगळे तिकडंच बघत होतो.

चौथ्या सकाळी साहेबांनी कागद काढला. जवळपास पांढरा. कारखान्याचा माणूस हसत म्हणाला, "उगाच बदनामी करता राव."

सखुबाई वाळत घातलेल्या मिरच्यांपाशी उभी होती. "भाऊ, इकडं या न," ती मला म्हणाली. "रोज झटकतो मी ह्या मिरच्या. तीन दिस झाले, झटकाच लागल्या नाई. लालच्या लाल हायेत."

मी पळत जाऊन जनरेटर बंद केला.

शांत... दगड दळायच्या मिलचा घरघराट नाहीच. धुराडं चालू ठेवून, धूळ उडवणारी मिल तेवढी बंद केली होती. मस्तकात तिडीक गेली.

"काऊन बंद केली मिल?" मी ओरडलो. "दुरुस्ती होती," तो माणूस पान चघळत म्हणाला. अजून आठवलं तरी मूठ वळते.

साहेबांना म्हटलं, मिल बंद होती असं रिपोर्टात लिहा. त्यांनी पेन काढलं, माणूस वाईट नव्हता. "लिहितो. कधीपासून बंद होती? तुम्ही इथंच होतात ना?"

सखुबाई माझ्या तोंडाकडं बघत होती.

मला सांगता आलं नाही. तिन्ही दिवस मी धडधडणाऱ्या जनरेटरपासून दहा हातांवर बसलो होतो.