गुंडप्पानं तोडलेली वायर

त्र्याण्णवच्या भूकंपात गुंडप्पाच्या घरातली अकरा माणसं गेली. औसा तालुक्यातल्या गावात तो दीड दिवस ढिगाऱ्याखाली होता, मेलेल्या आईला चिकटून. बाहेर काढला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मग लातुरात येऊन त्यानं क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. मेस चालली, फ्लॅट झाला, पुढं तो सोसायटीचा अध्यक्षही झाला. भिंतीला केसाएवढी चीर दिसली तरी गवंडी बोलवायचा. लोक मानायचे.

दुसऱ्या मजल्यावर नाजिया आणि तिची आई बिलकीस. नाजिया घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम द्यायची, त्यासाठी तिनं इलेक्ट्रिक कार घेतली. खाली पार्किंगमधल्या आपल्या जागेत, आपल्याच मीटरवरून चार्जिंग पॉइंट बसवायची परवानगी मागितली.

"बॅटरी पेटली तर वर पन्नास माणसं हायत," गुंडप्पा म्हणाला. "न्हाई म्हंजे न्हाई."

"काका, वायरमनचा दाखला आणलाय. अर्थिंगसुद्धा तपासलंय."

"आमच्या गावात बी समदे म्हणायचे, घर मजबूत हाय."

तीन अर्ज फेटाळल्यावर तिनं गॅलरीतून वायर खाली सोडली आणि त्यावर गाडी चार्ज करू लागली.

मे महिन्यात मेडिकल प्रवेश परीक्षेचा रविवार होता. रिकामी झालेली गाडी नाजियानं पहाटेच वायरीला लावली होती. गुंडप्पानं सकाळी तिच्या मीटरचं बटण पाडलं, पकडीनं वायर तोडली, बटण परत चढवलं. वर कुणाला कळलं नाही.

दुपारी बिलकीसच्या छातीत कळ आली. नाजियानं तिला उचलून गाडीत घातलं. गाडी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. निम्मी इमारत परीक्षा केंद्रांवर, रस्त्यावर एक रिक्षा रिकामी नाही. अँब्युलन्स गर्दीत अडकलेली. गुंडप्पा स्वतः अनवाणी चौकापर्यंत पळाला, पाऊण तासानं रिक्षा घेऊन आला. बिलकीस वाटेतच गेली.

तिसऱ्या दिवशी तो भेटायला गेला.

"काका, वायर तुम्ही तोडली?"

"हाव. परत लावलीस तर परत तोडीन."

"माझी अम्मी होती ती."

"तुझं एक माणूस गेलं. माझी अकरा गेली."

तो उठला, घरी जाऊन पोटभर जेवला.

पुढच्या बैठकीत त्याला एकमतानं पुन्हा अध्यक्ष केलं. नाजियानं फ्लॅट विकला. फाटकाशी तशीच पडलेली गाडी दोर लावून ओढून नेताना गुंडप्पानं फाटकाची दोन्ही दारं उघडून धरली. "सावकाश," तो म्हणाला, "खांबाला लागंल."