माळावर चालायची रीत

चालता चालता ते डावा हात मागे करायचे, पंजा उघडा. म्हणजे थांबा. खोकला आला तरी गिळायचा. मग मागे न वळता म्हणायचे, "आदी जनावराला बगू द्या आपल्याला. मग तुमी बगा."

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात विज्ञान शिकवत होतो. बार्शीच्या रस्त्याला एक मोठं कुरण होतं, त्याचे ते राखणदार. मी मुलांना पुस्तकातला माळढोक पक्षी दाखवायचो. त्यांच्या माळावर तो खरोखरचा फिरत होता.

उघड्या माळावर चालायला काय शिकायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. "गुरुजी, ह्यो कोसावरनं दिसतोय की." सकाळभर मी त्यांचं घोंगडं पांघरून अंग खाजवत हिंडलो. डोक्याला चमेलीचं तेल होतं, त्यावर म्हणाले, "लांडगीण हसंल तुमाला."

जनावराकडे सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, चरत आल्यासारखं. शेंगांची टरफलं खिशात घालायची. पिल्लं दिसली की मागे फिरायचं. एकदा एक लांडगीण लांब नुसती उभी होती. मी खूश होऊन बघत राहिलो. त्यांनी माझा दंड धरला. "चला. तिच्या घराच्या वाटंत उबं हाय आपुन."

एका पावसाळ्यात त्यांनी मला लांबून माळढोकाची मादी दाखवली. उघड्या जमिनीवर अंड्यावर बसली होती.

"वर्साला येकच घालती. गेलं की गेलं. कुनाला बोलू नगा."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

आणि बोललो. आमच्या गणिताच्या मास्तरांनी नवा कॅमेरा घेतला होता, आणि मला मोठेपणा हवा होता. दुसरं काही कारण नाही.

त्या रविवारी राखणदार लेकीकडे केमला गेले होते. मास्तर आणि त्यांच्या दोन पाहुण्यांना मीच घेऊन गेलो. पुरेशा अंतरावर मी राखणदारांसारखाच हात मागे केला. कुणी थांबलं नाही. "एकच फोटो," म्हणत मास्तर सरळ पुढे गेले. मादी उठली, धावली आणि जड पंखांनी उडून गेली. आम्ही मागे सरून वाट पाहिली. ती परतायच्या आत कावळे उतरले.

फोटोत नुसतं गवत आलं.

दुसऱ्या दिवशी राखणदार परतले तेव्हा मीच त्यांना सांगितलं. ते मला घेऊन तिथवर चालत गेले. कवचाचे तुकडे होते, मुंग्या लागलेले. ते उकिडवे बसले. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"अडाण्यानं केलं असतं तर बोललो असतो," ते म्हणाले. "तुमाला रीत ठावं हुती, गुरुजी."

पुढेही मी जायचो. ते चहा द्यायचे, घरची विचारपूस करायचे. माळावर मात्र पुन्हा कधी नेलं नाही.

दोन वर्षांनी त्या कुरणात झाडं लावायची योजना आली. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, असं कागदावर ठरलं होतं. माळढोकाला उघडा माळ लागतो, इथे झाड नकोच, गवतच हवं, असे मी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. शाळेत लोक हसले. विज्ञानाचा मास्तर आणि झाडांच्या विरोधात!

शेवटचा गेलो तेव्हा माळभर चर खणणं चालू होतं. खणणाऱ्यांत ते होते. राखायला कुरण उरलं नव्हतं, म्हणून राखणदाराला कुदळ मिळाली होती.

"माळढोक?" मी विचारलं.

"औंदा न्हाय आलं." त्यांनी घाम पुसला. "झाडं हुत्याल, सावली हुईल म्हनत्यात. लई चांगलं हाय म्हनत्यात."

मुकादमानं हाक मारली. ते खाली वाकले. मुळांना माती धरलेला गवताचा एक मोठा ठोंब दोन्ही हातांनी उपटला आणि चराबाहेर टाकला.